हात दाखवून

लष्करात आमच्याकडे सरकार म्हणजे एक माणूस होता.
सरकारांची स्वारी, सरकारांचा वाढदिवस,
सरकारांना पडसं झालं म्हणून पुढे ढकललेला दरबार.
दोन फुटी रुळांवरून भिंडकडे, शिवपुरीकडे, श्योपुरकडे
जी गाडी निघायची ती सरकारी,
म्हणजे त्यांच्या घरची,
जशी घरची बग्गी.

मग संस्थान विलीन झालं.
डब्यांवरची अक्षरं खरवडून नवी रंगवली
आणि गाडी सरकारीच राहिली.
शब्दाला ओरखडाही न उमटता मालक बदलला.
वडील गार्ड होते. म्हणायचे,
शिट्टी तीच आहे गं,
रजेचा अर्ज तेवढा आता झाशीला जातो.

राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर
चांदीची आगगाडी फिरते म्हणतात, काचेचे बुधले घेऊन.
पाहुण्यानं बुधला उचलला की थांबते.
आमचीही तशीच होती.
सुमावलीच्या पुढे, जिथे फलाट नाही, पाटी नाही,
फक्त मोहरीचं शेत,
तिथे रामकली दुधाच्या कॅनसकट हात दाखवायची
आणि सियाराम ड्रायव्हर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत
थांबवायचा.

मी लेखा विभागात एकतीस वर्षं.
दर मार्चला तोटा काढायचे, स्वच्छ अक्षरात, लाल शाईत.
छपरावरची माणसं माझ्या रकान्यात नव्हती.
त्यांनी तिकीट काढलं नाही
आणि गाडीनं त्यांना उतरवलं नाही.
ही नोंद कुणाच्या नावे टाकायची
ते कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

गेल्या गुरुवारी सिटी सेंटरच्या हॉटेलात बैठक.
नव्या रुंद रुळांवर गाड्या कुणी चालवायच्या.
कंपनीचा निहार नावाचा मुलगा,
पडद्यावर आलेख, आणि मला पाण्याची बाटली उघडून दिली.
रूळ सरकारचे, गाडी खासगी, म्हणाला,
वेळेवर, आणि संडास स्वच्छ.
मला खोटं नाही वाटलं.
दोनशे किलोमीटरना आम्ही अकरा तास घ्यायचो, संडास नसलेल्या डब्यांत.
ते अकरा तास बायकांनी कसे काढले
हे दरबारानं विचारलं नाही,
झाशीनं नाही,
लाल शाईवालीनंही नाही.

पण खासगी म्हटल्यावर हसू आलं.
जुन्या दफ्तरात खासगी नावाचं खातंच असायचं,
सरकारांचा मुदपाकखाना, सरकारांचे हत्ती.
शब्दही शंटिंग करतात, मागे येतात
आणि त्याच डब्याला जोडले जातात.

मी हात वर केला.
हात दाखवून अवलक्षण, आई म्हणाली असती.
विचारलं, सुमावलीच्या पुढे कुणी असा हात दाखवला तर?

निहारनं वहीत लिहून घेतलं.
मागणीनुसार थांबा, म्हणाला, त्याचा दर काढता येईल.
पचौरीसाहेब, सरकारकडून आलेले, खाकरले.
मोहरीर मॅडम, तसा थांबा आता आमच्याकडेही नाही.
दोन्ही बाजूंनी कुंपण आहे.
निहारनं मान डोलावली.
बैठकीतलं ते पहिलं एकमत.
मग चहा आला.

परतताना घोसीपुऱ्यावरून आले.
रूळ उपटलेत. जिथे वडील हिरवी झेंडी घेऊन उभे राहत
तिथे एक शेळी, आणि गजकवाल्याची हातगाडी.
रामकली आता टेम्पोनं येते, ऐकलं,
तिचे वीस, कॅनचे दहा वेगळे.
टेम्पो भाच्याचा. मागे लिहिलंय माँ का आशीर्वाद
आणि त्याखाली, बारीक अक्षरात, बँकेचं नाव.

रस्ता ओलांडायला मी हात वर केला.
कुणाचा तरी टेम्पो कचकन थांबला.
कहाँ, माताजी?
मी बसले.
किती घेणार, ते विचारायचं राहिलं.